आधी पंप ओसरीवरून हलवा

सून गरोदर आहे असं कळलं की आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टींवर पहारा बसतो: पपई, ग्रहण आणि तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभं राहणं. अमळनेर तालुक्यातल्या एका कापसाच्या गावात मी आशाचं काम करते, हे 14 वं वर्ष. गृहभेटीला गेले की मी आधी ओसरी बघते. भिंतीला टेकवलेला फवारणीचा पंप, खुंटीवर फवारणीचे कपडे, कोनाड्यात अर्धी उरलेली औषधाची बाटली. पपईचं नंतर बघू. (पिकलेली खाल्ली तर काही होत नाही, कच्ची तेवढी टाळा.)

एक गोष्ट मला उशिरा कळली. हे सगळं गरोदर पोरीला सांगून फार उपयोग नाही. ती मान हलवते, पण पंप कुठे ठेवायचा हे घरात ती ठरवत नाही. म्हणून काय करायचं याबरोबर कोणाला सांगायचं तेही लिहिते.

पंपाचं नवऱ्याला सांगा. औषध तोंडातूनच पोटात जातं असं पुरुषांना वाटतं. ते कातडीतून जातं, श्वासातून जातं. पंपात पाणी ओतून देणं, डब्यात औषध कालवणं ही कामं बायकांकडेच असतात, आणि हातमोजे कोण घालतं? माझ्या मोठ्याच्या वेळी पाचव्या महिन्यात मीच हंड्यानं पाणी ओतत होते. दुपारी डोकं गरगरलं, उलट्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, दिवस गेलेत, व्हायचंच. मीही तेच मानलं. आज कोणी असं सांगितलं तर मी औषधाची बाटली घेऊन तिला आधी दवाखान्यात नेईन.

पाळी चुकली त्या दिवसापासून फवारणीचं काम बंद. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत बंद होते. तोवर घरात कोणाला सांगितलेलंही नसतं. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बघायला शिका: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. गरोदर बाईनं मात्र हिरव्यालाही हात लावायचा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं गेली, हे नवऱ्यांना सांगितलं की ते जरा ऐकतात.

पंप, बाटल्या गोठ्याच्या पलीकडे, कुलपात. फवारून आलेल्यानं आधी आंघोळ करायची, मग स्वयंपाकघरात यायचं. ते कपडे त्यानं स्वतः वेगळे भिजवायचे, दोनदा धुवायचे, उन्हात वाळवायचे. घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. रिकाम्या कॅनमध्ये रॉकेल, तेल, पाणी काहीही भरायचं नाही. कॅन चांगला मजबूत असतो, टाकवत नाही, माहीत आहे मला. तरी भोकं पाडून टाका. वेचणीलाही नुकत्याच फवारलेल्या शेतात पाठवू नका. आणि भाव येईल म्हणून कापूस घरात भरायचा असेल तर बाळंतिणीच्या खोलीत नको. खाज सुटते, किडे होतात, शेजारी चूल असेल तर ठिणगीची भीती वेगळीच.

धुराचं सासूला सांगा. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी, कळण्याच्या भाकरी आणि भरताची वांगी पऱ्हाट्यांवरच, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवरच होतात. सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असतो. एका आजीनं मला ऐकवलं, ‘धूर त रोजनाच शे माय.’ रोजचा आहे म्हणूनच तर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि बाळाला कमी मिळतो. वजन कमी भरतं. चूल मोडा असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर मला चहाही मिळणार नाही. आंघोळीचं पाणी दुसऱ्यानं तापवायचं, चूल अंगणात, जळण कोरडं, आणि नऊ महिने भाकरी गॅसवर. भरीत करायचं तर वांगी दिरानं भाजावीत. त्याला तेवढं जमतं.

मिश्रीचं कोणाला सांगणार? ती सासूच्याच डबीत असते. ‘तंबाखू खात नाही, दात घासते’ असं बायका मला शपथेवर सांगतात. भाजली तरी ती तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं. इथं मी दोघींना समोरासमोर बसवते. सुनेची सोडवायची तर सासूची डबी आधी नजरेआड व्हायला हवी.

उन्हाळ्यात गहू भरताना कोठीत काय टाकता ते बघा. पाऱ्याच्या गोळ्या नकोत, पारा बाळाच्या मेंदूला घातक. आणि ज्या गोळ्यांतून दमट हवेत विषारी वायू सुटतो त्या तर राहत्या घरात अजिबात नकोत, गरोदर बाई असो वा नसो. त्या विषावर उतारा नाही. गहू कडक उन्हात वाळवा, एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला घाला. आमच्या आज्या हेच करायच्या.

माती, खडू, भिंतीचे पोपडे खावेसे वाटले तर लपवू नका. ते बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, आणि जुन्या रंगाच्या पोपड्यांत शिसं असू शकतं. डोहाळजेवणासाठी घर रंगवायची हौस असली तर जुना रंग खरवडताना तिला दुसऱ्या घरी झोपवा. मांजराची घाण दुसऱ्यानं रोजच्या रोज काढावी. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका. दूध उकळूनच.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पहिलटकरीण माहेरी येते ती नेमकी 44-45 अंशांत. आल्या आल्या आई बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा घाट घालते आणि लेकीला वाटतं, आईला मदत करावी. घाटा शिजवायला पहाटे चुलीपाशी, मग गच्चीवर उन्हात. अकरा ते चार तिला गच्चीवर जाऊ देऊ नका. अति उष्णतेनं कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय.

उन्हाळ्यातला दुसरा शत्रू कूलर. पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरू नका. आधी पिन काढा, पायात चप्पल घाला. नळ आठवड्यानं येतो म्हणून आपण टाक्या, रांजण, कूलर भरून ठेवतो, आणि डेंग्यूच्या डासाची पैदास आठवडाभरात त्यातच होते. आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून घासायचं, बाकी दिवस झाकायचं. कॉइलच्या धुरापेक्षा मच्छरदाणी बरी.

कोणी औषध हुंगलं, अंगावर सांडलं, किंवा गरोदर बाईला चक्कर, रक्तस्राव, डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली, तर 108 ला फोन. अंगावर सांडलं असेल तर गाडी येईपर्यंत कपडे काढून साबण-पाण्यानं धुवायचं. बाटली फेकू नका, पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टर आधी तिच्यावरचं नावच विचारतात.