जुन्या डब्बा टीव्हीवर आर्केड गेम: रास्पबेरी पाय कसा जोडावा

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सकाळी अकरानंतर पोट्ट्यांना अंगणातही सोडता येत नाही. मग कुलरपुढे पडून दिवसभर मोबाइल. त्यापेक्षा माळ्यावरचा जुना डब्बा टीव्ही खाली काढा, त्याला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर जोडा आणि तालुक्याच्या गेम पार्लरमध्ये रुपया-रुपया टाकून खेळलेले गेम घरीच चालवा. सॉफ्टवेअर सोपं आहे. गावात खरी कसरत असते ती लाईट आणि उन्हाची, म्हणून पाय निवडला की लगेच तेच.

पाय कोणता घ्यावा

पॅक-मॅन १९८० चा, स्ट्रीट फायटर टू १९९१ चा, आपल्याकडे ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स १९९३ चा, मेटल स्लग १९९६ चा. या सगळ्यांना रास्पबेरी पाय ३ पुरतो. जुन्या टीव्हीसाठी तर मी पाय ३ च घ्या म्हणेन, सेकंड हँड मिळाला तरी चालेल. पाय ४ एलसीडी टीव्हीला चांगला, पण त्याला मायक्रो एचडीएमआयची वेगळी वायर लागते आणि ती गावात मिळत नाही; बोर्डासोबतच मागवा. पाय ५ साठी रेट्रोपायची (जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) तयार इमेज, म्हणजे कार्डावर सरळ लिहायची फाइल, नाही; त्यावर बाटोसेरा किंवा रिकलबॉक्स हे तसलंच सॉफ्टवेअर टाकावं लागतं. पायचंच छोटं मॉडेल झिरो २ डब्ल्यू स्वस्त आहे, पण ओटीजी, हब, ॲडॉप्टर असं करता करता स्वस्ताई संपते.

नागपूरला कोणी जाणार असेल तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) चौकशी करायला सांगा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मात्र पॉवर ॲडॉप्टरवर पैसे वाचवू नका.

लाईट

पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअर लागतात. पाय ४ ला ३ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर ‘फास्ट’ लिहिलेलं असतं, पण तो वेग फोनशी बोलणी करून व्होल्ट वाढवल्यावर मिळतो. पायला हवे असतात पाचच व्होल्ट आणि भरपूर अँपिअर. वायर बारीक असेल तर वाटेतच दाब पडतो. तो ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि गेम रखडतो. बरेच जण बोर्डाला नाव ठेवतात, आणि दोष असतो चार्जरचा किंवा वायरचा.

दुसरा त्रास लाईट जाण्याचा. पाय चालू असताना लाईट गेली आणि त्याच वेळी मायक्रो एसडी कार्डावर (पायचं सगळं सॉफ्टवेअर त्यावरच असतं) काही लिहिणं सुरू असेल, तर कार्ड खराब होऊ शकतं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर लाईट पालटताना जो क्षण जातो, तेवढ्यातही पाय बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडची एक खोड आहे. व्होल्टेज थोडं खाली आलं तरी तो बॅटरीवर जातो. संध्याकाळी सगळ्या गावाचे कुलर सुरू असताना बॅटरीकडे लक्ष ठेवा.

गेम संपला की सरळ स्विच पाडायचा नाही. स्टार्ट दाबून मेन्यूतून ‘शटडाऊन’ करायचं. पोट्टे एवढं थांबत नाहीत, म्हणून एक बटण लावून द्या. बोर्डावरच्या पिनांच्या दोन रांगांत पाचवी आणि सहावी पिन शोधा, साध्या दाबायच्या बटणाच्या दोन वायरी त्यांना जोडा आणि कार्ड तयार झालं की (ते पुढे सांगतो) त्यावरच्या कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले=जीपीआयओ-शटडाऊन’ (dtoverlay=gpio-shutdown) ही ओळ इंग्रजी लहान अक्षरांत टाका. एकदा दाबलं की पाय नीट बंद होतो, पुन्हा दाबलं की सुरू होतो. वायरी जोडताना लाईट बंदच हवी.

ऊन

चिप ८० अंशांच्या पुढे गेली की पाय स्वतःच वेग कमी करतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेर पारा ४५ च्या वर असतो तेव्हा टिनाखालच्या खोलीत हीटसिंक (चिपवर चिकटवायचा, उष्णता खेचणारा धातूचा तुकडा) आणि छोटा पंखा हवाच. कुलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ती ओली हवा बोर्डाला चालत नाही. भिंतीच्या कडेला, हवा खेळेल असा ठेवा.

कार्ड तयार करणं

कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर उतरवा. १६ किंवा ३२ जीबीचं नावाजलेल्या कंपनीचं कार्ड घाला, इमेजरमध्ये गेमिंगच्या यादीतून आपल्या मॉडेलचं रेट्रोपाय निवडा आणि लिहायला लावा. इंटरनेट इथेच लागतं, त्यामुळे दिवसाचा डेटा शिल्लक असताना बसा. नंतर नेट नसलं तरी बिघडत नाही.

टीव्ही

पाय ३ च्या हेडफोनच्या भोकातूनच चित्रही निघतं. चार कड्यांची पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-लाल-पांढरी अशी वायर घ्या. सेट टॉप बॉक्सची किंवा कॅमेऱ्याची वायर तशीच दिसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. पायला टोकाकडून डावा आवाज, उजवा आवाज, अर्थिंग आणि शेवटी व्हिडिओ असा क्रम लागतो. चित्र न येता नुसती घरघर आली तर आधी लाल किंवा पांढरी पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात घालून पाहा. तरीही जमलं नाही तर वायर बदला. एचडीएमआयची वायर लावलेली असेल तर काढा.

पाय सुरुवातीला एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचं चित्र देतो. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, तरी बऱ्याच नंतरच्या रंगीत टीव्हींना एव्हीवर एनटीएससी चालतं, म्हणून आधी तसंच पाहा. ते चाललं तर उत्तमच, कारण आर्केड गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, आणि पालच्या ५० मध्ये ते किंचित अडखळतात. चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर-खाली पळालं, तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘एसडीटीव्ही_मोड=२’ (sdtv_mode=2) करा. टीव्ही बिघडलेला असेल तर मेकॅनिककडे न्या. डब्बा टीव्हीची पाठ स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत जबर दाब राहतो.

गेम टाकणं

पहिल्यांदा सुरू केल्यावर पाय बटणं विचारतो: साधा यूएसबी गेमपॅड जोडा आणि सांगेल ती बटणं दाबत जा. सिलेक्ट म्हणजे नाणं टाकणं, स्टार्ट म्हणजे खेळ सुरू. दोन्ही एकत्र दाबले की गेममधून बाहेर.

फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हमध्ये ‘रेट्रोपाय’ (retropie) नावाचं फोल्डर इंग्रजी लहान अक्षरांत बनवून पायला लावा. दिवा लुकलुकायचा थांबला की आत फोल्डरांची उतरंड तयार झालेली असते. गेमच्या झिप फाइल ‘रोम्स’मधल्या ‘आर्केड’ फोल्डरात ठेवा, पेनड्राइव्ह परत लावा, दिवा थांबू द्या आणि मेन्यूतून रीस्टार्ट करा. झिप उघडायची नाही, तिचं नावही बदलायचं नाही. एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवणारं सॉफ्टवेअर) गेम त्या नावावरूनच ओळखतो.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत मेन्यू आला, तर बहुतेक वेळा आवृत्ती जुळलेली नसते. मेम हा एमुलेटर १९९७ पासून चालत आलेला आहे आणि मूळ आर्केड मशीनच्या चिपमधली माहिती जसजशी नीट वाचली गेली तसतशा गेमच्या फाइल बदलत गेल्या. रेट्रोपायमधल्या ‘मेम २००३’ ला ०.७८ या आवृत्तीच्या फाइल लागतात, ‘एफबी निओ’ या दुसऱ्या एमुलेटरला आजच्या. म्हणून गेम सुरू होताना बटण दाबून आधी दुसरा एमुलेटर निवडून पाहा. मेटल स्लगसारख्या निओ जिओ या मशीनच्या गेमला त्याच फोल्डरात ‘निओजिओ’ नावाची बायोस (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) झिपही लागते.

आता हक्काचं. एमुलेटर वापरणं बेकायदेशीर नाही, पण मुस्तफा किंवा मेटल स्लगची फाइल परवानगीशिवाय कुठूनही उतरवणं म्हणजे कॉपीराइट मोडणं, गेम कितीही जुना असो. मेमच्या अधिकृत साइटवर ग्रिडली, रॉबी रोटो, टार्ग, लूपिंग असे काही गेम बिगरव्यावसायिक वापरासाठी परवानगीने ठेवले आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा. ‘दहा हजार गेमचं कार्ड’ विकणाऱ्यांकडे असे हक्क सहसा नसतात. आणि जत्रेत पाच-पाच रुपये घेऊन हे खेळवायचं डोक्यात असेल तर ते सोडा: मेम २००३ आणि एफबी निओ दोन्हींचे परवाने पैसे कमवायला मनाई करतात.

लाकडी पेटी

गेमपॅडवर मन भरलं की यूएसबी एन्कोडर (बटणं पायला जोडणारा छोटा बोर्ड), जॉयस्टिक आणि बटणांचा संच मागवा. गावचा सुतार १२ मिमी प्लायची उतरती पेटी सहज करून देईल. मात्र बटणं मागून आटे आवळायची घ्या. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड प्लायमध्ये धरत नाहीत. भोक पाडण्याआधी बटणं हातात असू द्या, कारण काहींना २८ मिमी लागतं तर काहींना ३०.

सगळं मनासारखं झालं की कार्ड कॉम्प्युटरला लावून विन३२ डिस्क इमेजरने त्याची पूर्ण प्रत काढून ठेवा. पावसाळ्यात लाईटने एखादं कार्ड खाल्लंच, तर तीच प्रत त्याच आकाराच्या किंवा मोठ्या कार्डावर लिहिली की बटणांच्या सेटिंगसकट सगळं परत येतं.