गावच्या सरांची पुस्तिका काढताना

सकाळी खो-खोचं ग्राउंड, दुपारी गणिताचा वर्ग, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, असं आयुष्य गेलेल्या आजोबांच्या पंच्याहत्तरीला पुस्तिका काढायची असेल तर चार महिने आधी कामाला लागा. आठवणी नंतर, आधी कागद.

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत बहुधा पेन्शनच्या फायलीत सापडते. नेमणूक, बदल्या, वेतनवाढी तारखांसकट मिळतात. त्यावरून वही आखा: शैक्षणिक वर्ष, शाळा, संघ. कॅलेंडरचं साल धरलंत तर डिसेंबरची जिल्हा स्पर्धा आणि जानेवारीची राज्य स्पर्धा उगाच दोन वर्षांत विभागली जाते. माजी विद्यार्थ्यांची सालंही पारखून घ्या. नव्या पद्धतीची पहिली दहावी मार्च १९७५ ची. ‘७२ ला दहावी झालो’ म्हणणारा एकतर जुन्या पद्धतीचा अकरावी मॅट्रिकवाला, नाहीतर साल चुकलेला. ‘राज्याला खेळलो’ म्हणणाऱ्याचं प्रमाणपत्र बघा, कधीकधी विभागच निघतो. वाद घालू नका, कागदावर आहे तेच छापा.

‘सर कसे होते?’ हे विचारूच नका. ‘शिस्तप्रिय पण प्रेमळ’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. संघाचा फोटो पुढ्यात ठेवून नेमकं विचारा. खांबावर सूर मारायला आधी वाळूत शिकवलं की थेट मातीत? गुडघा सोलला की काय लावायचे? पळताना साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी धाव) तुटली की बाहेरून काय ओरडायचे? बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री नावं उतरवा. मागच्या रांगेतला ‘बाळ्या’ म्हणजे कोण, हे महिन्याभराने रेकॉर्डिंगवरून कळत नाही. खो-खोचे नियम १९१४ साली डेक्कन जिमखान्याने बांधले वगैरे इतिहास मात्र गाळा. वाचणाऱ्याला सर हवे असतात.

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढलात तर चित्राचा थरच सुटून येतो. पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. पेनाची शाई पुढे उमटते.

ए५ आकार, ३२ पानं, मध्ये पिन पुरते. पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच हवीत. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये गेला की रफार आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ दोघांनी वाचावं. त्यातला एक त्या गावचा हवा, आडनावं त्यालाच कळतात. आणि पुण्यात छापणार असाल तर दिवाळीआधीचे दोन महिने टाळा. तेव्हा छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात, तुमच्या दोनशे प्रतींकडे कोण बघणार!