घरी मेणबत्ती करायचीय? मेण घेताना हे बघा

मेण घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो किती किलो, खरं तर त्याने विचारायला हवं कशात ओतणार. ग्लासात ओतणार असाल तर मऊ मेण चालतं, साच्यातून काढून नुसती उभी ठेवायची असेल तर कडकच लागतं. मी पहिल्यांदा ग्लासवालं सोया वॅक्स गुलाबाच्या साच्यात ओतलं, निम्म्या पाकळ्या साच्यातच राहिल्या आणि जे हातात आलं ते बघून आई म्हणाली, फ्लॉवर केलास का गं?

तर साच्यासाठी पॅराफिन, म्हणजे आपलं नेहमीचं पांढरं मेण. पेट्रोलियममधून निघतं, स्वस्त असतं, रंग मस्त चढतो. ५८-६० डिग्रीला वितळणारं मागा, आणि किलोला ५०-१०० ग्रॅम स्टीअरिक ॲसिड टाका, कडकपणा येतो आणि साच्यातून पटकन सुटतं. फक्त हे थंड होताना आकसतं, वातीजवळ खड्डा पडतो, म्हणून थोडं मेण मागे ठेवायचं आणि नंतर खड्ड्यात ओतायचं.

सोया वॅक्स सोयाबीन तेलापासून बनतं, ग्लासातल्या सुगंधी कँडलला मला तरी हेच आवडतं, हळू जळतं. वर पांढरी बुरशीसारखी नक्षी येते त्याला घाबरू नका, ती बुरशी नाही, जळण्यात काही फरक पडत नाही. ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे तसंच ठेवा, मग वास नीट येतो. पण ग्लासचं सोया ५० डिग्रीच्या आसपासच वितळतं, बरेच प्रकार त्याच्याही आधी, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात कुरिअरने पाठवायचा विचार सोडा, बंद गाडीत त्याचं काय होईल ते सांगायला नको.

मधमाशीचं मेण ६२-६४ डिग्रीला वितळतं, महाग आहे, आणि त्यात पॅराफिनची भेसळ भरपूर चालते. अस्सल मेणाला मधाचा मंद वास असतो, वर वेगळा सेंट घालून तो घालवू नका. जेल वॅक्स पारदर्शक दिसतं पण त्यात सुकी फुलं वगैरे घालू नका, पेट घेतात.

किती घ्यायचं? मेण पाण्यापेक्षा हलकं, २०० मिलीच्या ग्लासला १८० ग्रॅम पुरतं, त्यात सेंट ६ ते ८ टक्के म्हणजे ११-१४ ग्रॅम. वितळवायचं ते गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवूनच, थेट गॅसवर नाही. चुकून पेटलंच तर पाणी अजिबात ओतायचं नाही, गॅस बंद आणि वर झाकण.

आणि हो, मेण बदललं की वातही बदलते, पॅराफिनला चालणारी वात सोयाला बरेचदा बारीक पडते. म्हणून आधी एकच किलो आणा, एक ग्लास भरा आणि तीन तास जाळून बघा. मधेच विहीर पडली आणि कडेचं मेण तसंच राहिलं तर एक साईज जाड वात घ्या, ज्योत नाचायला लागली, काजळी धरली तर बारीक.