खाऱ्या पाण्याच्या टाकीतील सूक्ष्म जीव: छायाचित्र आणि ओळख

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्री दगड, शेवाळ किंवा प्रवाळ ठेवल्यानंतर काही आठवड्यांतच काचेवर पांढरे ठिपके सरकू लागतात, आणि नवा हौशी माणूस बहुधा त्यांची ओळख पटण्याआधीच औषध शोधायला निघतो. असे करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. कारण यांतील बहुतेक जीव निरुपद्रवी असतात आणि कवचधारी (कोळंबी-खेकड्यांच्या गटातल्या) जीवांना मारणारे औषध शोभेच्या कोळंब्यांनाही सोडत नाही. म्हणून आधी छायाचित्र काढावे. ते देखणे नसले तरी चालेल, पण त्यावरून पाय मोजता आले पाहिजेत, शरीराची बाजूची ठेवण दिसली पाहिजे आणि आकार कळला पाहिजे.

टाकीतच छायाचित्र काढायचे असेल तर काच आतून व बाहेरून पुसून घ्यावी, पाच-दहा मिनिटे पंप बंद ठेवावेत आणि कॅमेरा काचेशी अगदी काटकोनात धरावा. तो थोडा जरी तिरपा झाला, तरी पाणी, काच आणि हवा यांतून येताना प्रकाशकिरण वाकतात, कडा पसरट होतात आणि त्यांना रंगीत किनार येते. पुष्कळ छायाचित्रे केवळ एवढ्याने वाया जातात. निळे दिवे बंद करून फक्त पांढरा प्रकाश ठेवावा, कारण निळ्या उजेडात तांबूस आणि तपकिरी यांतला फरकच उरत नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता टाकीच्या वरून द्यावा, म्हणजे काचेवर चमक येत नाही. छिद्रमान (भिंगातून प्रकाश येण्याचे छिद्र) एफ/८ ते एफ/११ पुरते. छिद्र त्याहून लहान केल्यास स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली वाढते, पण बारकावे मऊ पडतात. मोबाइल असेल तर मॅक्रो (अगदी जवळून टिपणारे) भिंग लावून फोकस स्थिर करावा आणि मोबाइलच हळूहळू पुढे-मागे नेत एकापाठोपाठ वीस-तीस छायाचित्रे घ्यावीत.

खरी ओळख मात्र बशीत पटते. ड्रॉपरने जीव अलगद ओढून उथळ, पारदर्शक बशीत टाकीच्याच पाण्यात सोडावा. नळाचे पाणी त्याला मारते. बशीखाली ग्राफपेपर ठेवला की मिलिमीटरचे चौकोन आपोआप मोजपट्टीचे काम करतात. पारदर्शक जीवासाठी मोजमाप झाल्यावर खाली काळा कागद सरकवावा. वरून, बाजूने आणि बशीच्या खालून अशी तीन चित्रे घ्यावीत, शिवाय छोटी चित्रफीतही घ्यावी, कारण चाल हीदेखील ओळखीची खूण आहे. एवढेसे पाणी लवकर तापते, म्हणून दहा मिनिटांत काम आटोपून जीव परत सोडावा.

आता खुणांकडे वळू. एक-दोन मिलिमीटरचा, थेंबासारखा आणि झटके देत सरकणारा जीव म्हणजे कोपेपॉड. मादीच्या मागे अंड्यांच्या पिशव्या दिसल्या तर शंका उरत नाही. ॲम्फिपॉड आणि आयसोपॉड या दोन कवचधारी गटांत मात्र वारंवार गल्लत होते, आणि तिथेच बाजूचे चित्र कामी येते: ॲम्फिपॉड दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा व कमानदार असतो, तर आयसोपॉड वरून दाबल्यासारखा. लांब पायांमुळे कोळ्यासारखे दिसणारे काचेवरचे मन्निड आयसोपॉड निरुपद्रवी असतात; मोठ्या डोळ्यांचे, वेगाने पोहणारे आणि माशाच्या अंगाला चिकटलेले सिरोलॅनिड आयसोपॉड मात्र तातडीने बाहेर काढावेत. जवळ्यासारखा इवलासा जीव पाण्यात तरंगत असेल आणि शेपटीच्या पंख्यात दोन चमकदार ठिपके दिसत असतील, तर तो मायसिड होय.

काचेला घट्ट चिकटलेल्या पांढऱ्या गुंडाळ्या म्हणजे स्पायरॉर्बिड कृमींच्या नळ्या. त्यांची चिंता नको. तांबूस, चपट्या आणि मागे टोके फुटलेल्या कृमी दिसल्या, तर त्या वाढण्याआधी नळीने शोषून काढाव्यात, कारण मोठ्या संख्येने एकदम मेल्यास त्यांचे विष पाण्यात पसरते.

चित्रावरून गट किंवा कुळ ठरले तरी समाधान मानावे. कवचधारींची जात ठरवायला बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली पाय आणि मुखांगे पाहावी लागतात. चित्रासोबत दिनांक, वेळ आणि जीव नेमका कुठे होता हे मात्र लिहून ठेवावे. तांदळाच्या कणीएवढी पांढरी गोगलगाय रात्री काचेवर शेवाळ खरवडत असेल तर ती बहुधा कामाचीच असते. पण तशाच निमुळत्या शंखाच्या गोगलगायी मोठ्या टर्बो गोगलगायीच्या शंखाच्या कडेला घोळक्याने बसलेल्या आढळल्या, तर त्या तिचे रस शोषणाऱ्या पिरामिडेलिड असण्याचा संभव मोठा, आणि त्या मऊ ब्रशने रोज रात्री काढून टाकाव्या लागतात.