औषध कंपनीतल्या बाईने स्वतःच्या कामाची फाइल कशी ठेवावी

‘लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.’ औषधांच्या कारखान्यात रुजू झालेल्या प्रत्येकीला हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. ते बॅच रेकॉर्डला, म्हणजे औषधाच्या एका खेपेच्या नोंदींना, लागू आहे तसंच तुमच्या बढतीलाही. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, सात वर्षं काढलेल्या बाईला अप्रेझलच्या आदल्या रात्री आठवत बसावं लागतं की मार्चमध्ये आपण नक्की काय केलं होतं.

दर शुक्रवारी १० मिनिटं काढा आणि त्या आठवड्यातल्या एका कामाबद्दल तीन गोष्टी लिहा: काय बिघडलं होतं, मी काय केलं, त्याने काय बदललं. ‘ओओएस (ठरलेल्या मर्यादेबाहेरचा निकाल) तपासणीत सहभाग’ या ओळीचा काही उपयोग नाही. उपयोगाची नोंद अशी असते: ‘डिझोल्युशनमध्ये (औषध विरघळण्याच्या चाचणीत) वारंवार ओओएस. माध्यमातली हवा नीट काढली जात नव्हती, बुडबुडे बास्केटच्या जाळीत अडकत होते. डीगॅसिंगची (हवा काढण्याची) पडताळणी एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) घातली. पुढच्या ६ महिन्यांत या कारणाने एकही ओओएस नाही.’ वर्षाकाठी अशा वीस नोंदी झाल्या तरी पुरे.

मात्र या वहीत उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, क्रोमॅटोग्रामचा (चाचणीच्या आलेखाचा) फोटो यातलं काहीही येता कामा नये. कंपनीचा डेटा घरच्या लॅपटॉपवर नेणं हा गोपनीयतेचा भंग ठरतो आणि चांगल्या चांगल्यांच्या नोकऱ्या त्यात गेल्या आहेत. ‘एक टॅब्लेट’, ‘एक इंजेक्शन’ एवढंच लिहावं.

नोंद घरच्या वहीत झाली तरी सिस्टिममध्ये नाव लागायला हवंच. डेव्हिएशनची (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या चुकीची) तपासणी तुम्ही करता आणि कॅपाचा (चूक सुधारण्याच्या व पुन्हा टाळण्याच्या उपायांचा) ओनर म्हणून दुसऱ्याचं नाव पडतं, असं सर्रास होतं. हे कॅपा उघडतानाच विचारायचं. एकदा तो बंद झाला की इलेक्ट्रॉनिक सिस्टिममधलं नाव कोणी बदलत नाही, आणि बदलूही नये, ऑडिट ट्रेलमध्ये (सिस्टिममधल्या बदलांच्या नोंदीत) ते वेगळंच दिसेल. मीटिंगचे मिनिट्स लिहायचं काम बहुतेक वेळा बाईकडेच येतं. तिथे पाळीपाळीने लिहायचा आग्रह धरा, आणि आपली पाळी असेल तेव्हा आपण मांडलेला मुद्दा आपल्या नावाने लिहायला लाजू नका.

औषध नियामकांच्या इन्स्पेक्शनच्या वेळचा प्रश्न सगळ्यात मोठा. फ्रंट रूममध्ये इन्स्पेक्टरला उत्तरं दिली जातात. बॅक रूममध्ये कागद शोधणं, तपासणं, प्रती काढणं चालतं. नीटनेटक्या बायकांची रवानगी बॅक रूममध्ये होते, आणि वरिष्ठांच्या लक्षात राहतात ती फ्रंट रूममधली माणसं. यावर उपाय म्हणजे इन्स्पेक्शनच्या तीन-चार महिने आधी एकच विषय मागून घेणं, उदाहरणार्थ स्टॅबिलिटी (औषध किती काळ टिकतं) किंवा क्लीनिंग व्हॅलिडेशन (यंत्रं नीट स्वच्छ होतात याची सिद्धता), आणि मॉक ऑडिटमध्ये (सरावाच्या तपासणीत) तो स्वतः मांडणं. उत्तर देताना विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर ‘कागद पाहून सांगते’ म्हणा, अंदाज नको. इन्स्पेक्टर लिहिता लिहिता गप्प बसतो, ती शांतता भरून काढायला आपण बोलायला लागतो, आणि नवं निरीक्षण, म्हणजे त्रुटीची नोंद, तिथेच जन्माला येतं.

आक्षेपही लेखीच घ्यायचा. बॅच सोडण्याची घाई असताना तोंडी ‘मला नाही वाटत’ म्हटलेलं हवेत जातं. कोणता डेटा अपुरा आहे आणि काय मिळालं की सही करेन, हे दोन ओळींत कळवा. १९६० साली थॅलिडोमाइडचा (पुढे बाळांमधल्या जन्मजात व्यंगांना कारणीभूत ठरलेल्या झोपेच्या औषधाचा) अर्ज अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेत परीक्षक फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर आला, तेव्हा सुरक्षिततेची माहिती अपुरी आहे असं कळवत त्यांनी तो अडवून धरला. १९६२ मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

विभाग बदलायचा असेल तर आधी आपलं काम तिकडे कोणत्या रूपात पोचतं ते पाहा. क्यूसीतून रेग्युलेटरीत (औषधाच्या मंजुरीचे अर्ज करणाऱ्या विभागात) जायचं असेल तर सीटीडीचं, म्हणजे त्या अर्जाच्या ठरलेल्या नमुन्याचं, मॉड्यूल ३ उघडा. औषधाच्या स्टॅबिलिटीचा डेटा ३.२.पी.८ मध्ये, मेथड व्हॅलिडेशन (चाचणीची पद्धत योग्य असल्याची सिद्धता) ३.२.पी.५.३ मध्ये. मुलाखतीत ‘हा भाग ज्यातून तयार होतो तो डेटा मी करते’ हे वाक्य कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा जड असतं. पगाराचं बोलणंही तेव्हाच, नवी जबाबदारी स्वीकारण्याआधी.

मूल हवं असेल तर चौकशी गरोदरपणाआधीच करावी, कारण गर्भाचे अवयव गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, आणि पुष्कळदा बातमी कळते तीच या काळात. हाताळत असलेल्या प्रत्येक घटकाचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, मागवा. त्याच्या विभाग २ मध्ये एच३६० किंवा एच३६१ हा धोक्याचा कोड दिसला तर प्रजननक्षमतेला वा गर्भाला धोका. एच३६२ म्हणजे अंगावरच्या बाळाला. विभाग ८ मध्ये संरक्षणाची साधनं, ११ मध्ये विषारीपणाची माहिती. ती मागताना कारण सांगायची गरज नाही. डिस्पेन्सिंग (वजन करून देणं), मिलिंग (दळणं), सॅम्पलिंग (नमुने घेणं) या कामांत धूळ सगळ्यात जास्त, तिथून तात्पुरती बदली मागताना मुदत, ग्रेड आणि परतीची जागा पत्रात लिहून घ्या. मास्कची फिट टेस्ट स्वतःच्या चेहऱ्यावर झालेली हवी. ग्लोव्ह्जचं माप मोठं असेल तर बोटांच्या टोकांना घडी पडते आणि वजन करताना पावडर सांडते, तेव्हा लहान माप मागणं हा काही नखरा नव्हे.

रजेवरून परतताना पहिला अडथळा ट्रेनिंग मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणतं प्रशिक्षण लागतं त्या तक्त्याचा. एसओपींच्या आवृत्त्या बदललेल्या असतात, नव्या वाचून सही होईपर्यंत काम करता येत नाही. स्टेराइल (निर्जंतुक) विभागात गाउनिंगची (निर्जंतुक पोशाख चढवण्याची) पात्रता आणि वर्षातून किमान एकदा मीडिया फिलमध्ये (औषधाऐवजी जंतू वाढवणारं माध्यम भरून घेतलेल्या चाचणीत) सहभाग लागतो. लांबलेल्या रजेत ही पात्रता संपते आणि पुढची मीडिया फिल केव्हा आहे त्यावर तुमचं काम अडून राहतं. म्हणून परतण्याच्या सहा आठवडे आधी क्यूएकडून (गुणवत्ता हमी विभागाकडून) दोन गोष्टी मागवा: आपल्या कामाच्या बदललेल्या एसओपींची यादी आणि मीडिया फिलचं वेळापत्रक.