आईला फोन लावण्याआधी

फिल्डवर्कला एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करणारी, नवी मुलं-मुली आली की पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येकाला एक कोरा कागद देते. नाव टाकायचं नाही. एकच प्रश्न: तुझा सख्खा भाऊ उद्या म्हणाला की मला मुलगे आवडतात, तर तू सगळ्यात आधी काय करशील? दर वर्षी चार-पाच कागदांवर तरी तेच उत्तर सापडतं, 'त्याला समुपदेशनाला नेईन.' समुपदेशन म्हणजे माणसाची दुरुस्ती, हे डोक्यात किती खोल बसलंय ते त्या ओळीत दिसतं. तुम्हीही हा कागद लिहा आणि जपून ठेवा. वर्षभराने पुन्हा लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. 'मी भेदभाव करत नाही' असं तोंडाने सगळेच म्हणतात, मीही म्हणायचे.

२००४ साली मी नागपुरातल्याच एका समुपदेशन केंद्रात नवीन होते. उमरेडकडची एक मुलगी, बीएस्सीला, वसतिगृहात राहणारी. खोलीतल्या मैत्रिणीवर तिचं प्रेम होतं आणि वॉर्डनने तिला आमच्याकडे पाठवलं होतं. मी तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, पाठीवर हात फिरवला. संध्याकाळी ती गेल्यावर तिच्या आईला फोन लावला. तिसऱ्या दिवशी वडील येऊन तिला घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. रजिस्टरमध्ये मी 'समायोजनाची समस्या, कुटुंबाकडे सुपूर्द' असं लिहिलं होतं. माझ्या मनात तिच्याबद्दल राग नव्हता, तिटकारा नव्हता, मायाच होती. फोन त्या मायेनेच लावला. म्हणून नव्या कार्यकर्त्यांना मी दृष्टिकोनाबद्दल विचारत बसत नाही. तुमचा हात फोनकडे कधी जातो, फाइलमध्ये काय लिहितो, ते पाहते.

तर पहिली गोष्ट. घरी सांगायचं की नाही, कधी आणि कोणाला, हे समोरच्या माणसाने ठरवायचं. नागपूर शहर मोठं झालं, मेट्रो आली, पण 'तुम्ही कुठले? अमक्यांचे कोण?' हे अजून दुसऱ्या वाक्याला विचारलं जातं. इतवारीत बोललेलं संध्याकाळपर्यंत धंतोलीत पोचतं. त्यामुळे दार लावून बसा. मध्येच चहा घेऊन कोणी आत येणार नाही, हे आधी सांगून ठेवा. पहिल्याच भेटीत विचारा: कोणत्या नंबरवर फोन करू, किती वाजता, दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? व्हॉट्सअॅपवर 'आपल्या त्या विषयाबद्दल' असंही लिहू नका. लॉक असलेल्या फोनच्या स्क्रीनवरही ती ओळ घरातल्या कोणाच्याही नजरेस पडते.

फाइलमध्ये माणूस ज्यासाठी आला तेच लिहा: घरून लग्नाचा दबाव, मारहाण, झोप नाही, नोकरी नाही. ती व्यक्ती समलिंगी आहे हे लिहिल्याने मदतीत फरक पडत नसेल, तर लिहू नका. लिहिलेलं तिला वाचून दाखवा आणि मगच फाइल मिटा. ही सवय लागायला मला बरीच वर्षं लागली, तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्नांचं म्हणाल तर 'लग्न झालं का?' ऐवजी 'जवळचं कोण आहे?' असं विचारा. उत्तर देण्याआधी मुलगी क्षणभर तुमच्याकडे बघते, तेव्हा चेहरा सांभाळा. 'कधीपासून असं झालं?', 'लहानपणी काही घडलं होतं का?', 'तुमच्या दोघींत नवरा कोण?' हे प्रश्न फक्त आपलं कुतूहल भागवतात. तिने 'मैत्रीण' म्हटलं तर तुम्हीही मैत्रीणच म्हणा, त्याने 'गे' म्हटलं तर गे. आणि समलिंगी व तृतीयपंथी यांची गल्लत करू नका. गे मुलाला तृतीयपंथी ओळखपत्राचा अर्ज हातात दिलेला मी पाहिला आहे.

मुलगी आणि मुलगा यांच्याबद्दल आपलं मन वेगवेगळं चालतं, तेही तपासा. ग्रेगरी हेरेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात लोकांचे दृष्टिकोन मोजण्याची जी प्रश्नावली केली, तिच्यात लेस्बियन स्त्रियांसाठी आणि गे पुरुषांसाठी प्रश्नांचे दोन स्वतंत्र गट आहेत. आमच्या कामात तो फरक रोज दिसतो. मुलाची आपल्याला भीती वाटते, 'व्यसनं असतील, आजार असेल' असं वाटतं. मुलीचं आपण खरंच मानत नाही: 'वय आहे, लग्न झालं की जाईल.' मुलाला घराबाहेर काढतात, मुलीला घरात कोंडतात. मुलाला खोली शोधून द्यावी लागते. मुलीच्या बाबतीत तिची कागदपत्रं, गुणपत्रिका आणि आधार कार्ड तिच्या हातात आहेत का, हे आधी विचारा.

आता पालक. हे सगळ्यात अवघड, यासाठी दोन-तीन भेटी काढा, घाई नको. पालक मुलांच्या संमतीनेच भेटवायचे. 'मॅडम, आमच्या पोट्टीले काही औषध द्या ना,' असं म्हणत आई रडते, वडील खिडकीकडे बघत बसतात. तेव्हा भाषण देऊ नका. सरळ सांगा की औषध नाही, कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कुठे कोणी 'बरं करून देतो' म्हणत असेल तर तेही सांगा की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहेत. मग 'लोक काय म्हणतील' हे येतंच. ते उडवून लावू नका. कागद घ्या आणि 'लोक' म्हणजे नेमके कोण, ती नावं त्यांच्याकडून लिहून घ्या. मोठे काका, मामी, शेजारचे गुरुजी, धाकटीचं स्थळ आणणारे. बहुतेक वेळा यादी आठ-दहा नावांवर थांबते. आठ माणसांची भीती घेऊन काम करता येतं, अख्ख्या समाजाची घेऊन करता येत नाही.

कायद्याचं तेवढं टेबलाच्या खणात लिहून ठेवा. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. लग्नाचा हक्क मात्र २०२३च्या निकालात मिळाला नाही, त्यामुळे खोटी आशा दाखवू नका. सज्ञान मुलीला घरी मारहाण होत असेल तर २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वडील-भावाविरुद्धही लागतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे स्वतः तिच्यासोबत जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. रात्री जीव नकोसा वाटला तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिला पाठ करायला लावा. अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर बोलणं सुरू होण्याआधीच सांगा की लैंगिक संबंधाबद्दल काही कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार मला ते पोलिसांना कळवावंच लागतं. आधी न सांगता नंतर कळवलं तर ते मूल पुन्हा कोणापाशी तोंड उघडत नाही.

'माझ्या मनाला हे पटतच नाही' असं काही सहकारी मला प्रामाणिकपणे सांगतात. त्यांना मी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांची गोष्ट सांगते. घरातून निघून आलेल्या दोन मुलींचं प्रकरण त्यांच्यापुढे होतं. या विषयात आपल्याला पुरेशी समज नाही, हे त्यांनी मान्य केलं, मानसशास्त्रज्ञासोबत बसून समजून घेतलं आणि २०२१ मध्ये आदेश दिला. तुम्हीही वरिष्ठांना सांगा, शिकायला वेळ मागा आणि तोवर ती केस त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्या. नागपुरात सारथी ट्रस्ट समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसोबत काम करतो. कोणाला तिथे पाठवण्याआधी आपण स्वतः जाऊन, बसून या. जी जागा आपण पाहिली नाही तिथे दुसऱ्याला धाडू नये.

मागच्या महिन्यात हिंगण्याकडचा एक मुलगा आला, आयटीआय झालेला. दोन भेटी तो फक्त अप्रेंटिसशिपबद्दल बोलला. तिसऱ्यांदा उठता उठता, दाराची कडी धरून म्हणाला, "मॅडम, मले मुली नाही आवडत." मी म्हटलं, "बस ना बाबा." तो बसला. मी विचारलं, "हे लिहू का?" तो म्हणाला, "नका लिहू." मी पेनचं टोपण लावलं. फाइलवर अजूनही 'नोकरीविषयक मार्गदर्शन' एवढंच आहे. तो दर शनिवारी चार वाजता येतो.