भरलेल्या विमानातला शेजारधर्म: सीट, आर्मरेस्ट आणि वरचा कप्पा

इकॉनॉमी वर्गात एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण 28 ते 32 इंच असतं. ते एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंत मोजतात. म्हणजे सीटच्या पाठीची जाडीही त्यातच आली, आणि गुडघ्यांच्या वाट्याला उरतं ते बरंच कमी. सीटची रुंदी 17 ते 18 इंच. अनेकांचे खांदे याहून रुंद असतात, तेव्हा खांद्याला खांदा लागणारच. त्यावरून कपाळाला आठ्या घालण्यात अर्थ नाही.

भांडणं होतात ती सामाईक वस्तूंवरून. तुमच्या सीटची पाठ हीच मागच्या प्रवाशाचं टेबल, स्क्रीन आणि कप ठेवायची जागा. म्हणून एक नियम पक्का धरावा: जे हलवल्याने दुसऱ्याचं काही हलणार आहे, ते हलवण्याआधी त्याला सांगायचं.

चढताना

पाठीवरची सॅक विमानाच्या दारातच काढून हातात, पुढे धरावी. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला दोन सीटांमधली वाट जेमतेम 20 इंच असते. सॅक पाठीवर ठेवून वळलं की ती कडेला बसलेल्याच्या तोंडावर आपटते, आणि आपटणाऱ्याला पत्ताही लागत नाही. औषधं, चष्मा, हेडफोन, चार्जर हे सगळं आधीच एका छोट्या पाऊचमध्ये काढून ठेवावं. बॅग वर टाकायची, लगेच आपल्या रांगेत शिरून वाट मोकळी करायची, आणि मग काय ती आवराआवर.

मोठी बॅग वर, छोटी पुढच्या सीटखाली. स्वतःच्या सीटखालची जागा मागच्याच्या पायांची असते, तिथे काही सरकवू नये. नव्या विमानांतल्या वरच्या कप्प्यांत बॅगा आडव्या न टाकता कपाटातल्या पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या लावायच्या असतात. तसं चित्र कप्प्याच्या झाकणावर किंवा आत असतं. एकाने आडवी टाकली की दुसऱ्या बॅगेची जागा गेली. कोट, जॅकेट, पिशव्या सगळ्यांच्या बॅगा लागल्यावर वरून ठेवाव्यात. दुसऱ्याची बॅग सरकवायची असेल तर "ही कोणाची आहे? जरा उभी करू का?" एवढं विचारावं, आत काचेचं सामान असू शकतं.

बसायचं विसाव्या रांगेत आणि बॅग पाचव्या रांगेवर टाकायची, ही चलाखी काही जण करतात. उतरताना त्यांना ती वाटेत मिळते खरी, पण पाचव्या रांगेतल्याला आपली बॅग मागे कुठेतरी ठेवावी लागते आणि उतरताना उलट्या दिशेने जाता येत नसल्याने तो शेवटपर्यंत अडकतो. आपल्या रांगेवर जागा नसेल तर आधी वाटेपलीकडचा कप्पा बघावा, मग एक-दोन रांगा पुढचा. जागाच नाही म्हणून बॅग खालच्या सामानात पाठवायची वेळ आली, तर पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या आठवणीने काढून घ्याव्यात; त्यांना तिथे परवानगी नसते.

सीट बदलून हवी असेल तर समोरचा बसण्याआधी विचारावं, त्याच्या जागेवर आधीच बसून नाही. बदल्यात तशीच किंवा त्याहून बरी सीट देता येत असेल तरच. खिडकीच्या बदल्यात मधली सीट मागणं म्हणजे नकार मागणंच आहे. आणि नकार देणाऱ्याने कारण सांगायची गरज नाही. "नाही, मला इथेच बसायचंय" हे पूर्ण उत्तर आहे.

आर्मरेस्ट कोणाचा

तीन सीटांना चार आर्मरेस्ट. खिडकीजवळच्याला टेकायला भिंत आहे, कडेच्याला वाटेच्या बाजूला हातपाय मोकळे करता येतात. मधल्याला दोन्हीकडे माणसंच. म्हणून आतले दोन्ही आर्मरेस्ट मधल्याचे, असा संकेत आहे. विमान कंपनीचा नियम नव्हे, पण न्याय्य आहे आणि बहुतेकांना पटतो. पटत नसेल तर लांबीची वाटणी करावी: एकाने मागच्या भागावर कोपर टेकवायचं, दुसऱ्याने पुढच्या भागावर मनगट. दोघांची बाही एकमेकींना न घासता हे जमतं.

मधला आर्मरेस्ट वर करायचा तो दोघांच्या संमतीनेच. शेजारच्याने वर केलेला तुम्हाला नको असेल तर बसतानाच, काही न बोलता, खाली घ्यावा. नंतर खाली घेतलेला टोमण्यासारखा लागतो. पहिल्या रांगेत आणि आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत ट्रे बहुधा आर्मरेस्टच्या आत असतो, तो वर होत नाही. वाटेकडच्या आर्मरेस्टला मात्र बऱ्याच विमानांत खालून, बिजागरीजवळ एक लपलेली कळ असते. ती दाबली की तो उचलता येतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत-बाहेर करणं सोपं जातं. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी तो पुन्हा खाली.

पाय दोन आर्मरेस्टच्या मधल्या पट्ट्यातच राहावेत. शेजारचा देहाने मोठा आहे आणि तुमची अर्धी सीट खरोखरच गेली आहे, तर त्याच्याशी त्याच्या शरीराबद्दल बोलू नये. त्यात दोघांचाही अपमान होतो. उठून कर्मचाऱ्यांकडे जावं आणि हळू आवाजात दुसरी सीट मागावी. परस्पर मोकळ्या सीटवर जाऊन बसू नये. छोट्या विमानात कोण कुठे बसलंय यावर वजनाचा तोल ठरतो, म्हणून विचारणं भाग आहे.

सीट मागे घेण्याचं तंत्र

ज्या सीटला बटण आहे ती मागे घेण्याचा हक्क आहेच. कधी आणि कशी घ्यायची, एवढाच प्रश्न.

आधी मागे वळून बघावं. मागच्याचा ट्रे उघडा आहे का, लॅपटॉप उभा आहे का, कप आहे का? लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड पुढच्या सीटच्या खोबणीत अडकलेली असते. सीट झटक्यात मागे आली तर ट्रे जागेवरच राहतो, पाठ खाली येते आणि पडदा मधल्यामध्ये चेपून फुटतो. गरम चहाचा कप असेल तर मांडी भाजते. मग सांगावं: "जरा सीट मागे घेतोय, चालेल ना?" त्याने सामान सावरल्यावर बटण दाबून धरत हळूहळू रेलावं. निम्म्यावर थांबलं तरी कमरेला पुष्कळ आराम मिळतो, आणि मागच्याला गुडघे हलवण्यापुरती जागा उरते.

जेवण वाटलं जात असताना सीट सरळ. दीड-दोन तासांच्या दिवसाच्या प्रवासात मागे न घेतलेलीच बरी. रात्रीच्या लांब प्रवासात मात्र सगळेच रेलतात, तिथे संकोच करू नये. अपवाद एकच: मागच्याची सीट रेलत नसेल, उदाहरणार्थ तो शेवटच्या रांगेत असेल, तर थोडी कमी घ्यावी. टेकऑफ-लँडिंगला सीट सरळ आणि ट्रे बंद ठेवायला सांगतात त्यात शिस्तीचा सोस नाही. भरलेलं विमान निम्मे दरवाजे वापरून 90 सेकंदांत रिकामं होतं, हे विमानाला मान्यता मिळताना दाखवावं लागतं. मागे झुकलेली पाठ खिडकीजवळच्याची वाट अडवते.

पुढच्याची सीट तुमच्या अंगावर आली तर गुडघ्याने ढोसू नये. तोंडाने, आणि मुदत घालून मागावं: "जेवण होईपर्यंत सीट थोडी सरळ ठेवाल का?" कायमचं मागितलं की माणूस अडून बसतो, वीस मिनिटांचं मागितलं की सहसा देतो. पुढची सीट रेलू नये म्हणून ट्रेच्या दांड्यांना अडकवायचं एक प्लास्टिकचं साधन बाजारात आलं होतं. 2014 मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात त्यावरूनच जुंपली, अंगावर पाणी फेकलं गेलं आणि विमान शिकागोला उतरवावं लागलं. असल्या साधनांच्या वाटेला जाऊ नये.

मागून होणारा त्रास मोठा, पण करणाऱ्याला दिसत नाही. उठताना पुढच्या सीटची पाठ धरून स्वतःला ओढून घेणं हा त्यातला सर्वांत सर्रास प्रकार. पुढचा झोपलेला असेल तर तो दचकून उठतो. दोन्ही हात स्वतःच्या आर्मरेस्टवर दाबून उठावं. स्क्रीनला बोटाचं टोक लावलं तरी पुरतं. ठोकलं की तो ठोका पुढच्याच्या डोक्यात जातो. पाठ टेकून बसल्यावर लांब केस सीटच्या मागे सोडू नयेत, मागच्याचा स्क्रीन झाकतो. लहान मूल लाथा मारत असेल तर मुलाला न दटावता पालकांना सांगावं, आणि पालकांनी मुलाचे बूट काढून ठेवावेत. नुसतं "नको मारूस" म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक.

आत-बाहेर करताना

सुमारे 180 सीटांच्या, एकच वाट असलेल्या विमानात बहुधा तीनच स्वच्छतागृहं असतात. जेवणाची गाडी वाटेत आली की वाटच बंद. म्हणून खिडकीजवळच्याने गाडी निघण्याआधी जाऊन यावं, आणि कडेचा उठलाच आहे तर त्याच फेरीत आपलंही उरकावं. कडेच्याने नुसते गुडघे वळवू नयेत, पूर्ण उठून वाटेत उभं राहावं. तो झोपला असेल तर दंडाला हलका स्पर्श करून "दादा, जरा बाहेर पडायचंय" म्हणावं. अंधारात त्याला ओलांडून जाण्याचा पराक्रम बहुधा त्याच्या मांडीवर संपतो. रांगेत थांबलेल्यांनी बसलेल्यांच्या सीटवर रेलू नये.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट अजिबात हलवायची नाही, पुढे-मागेही नाही. यंत्रणेत फोन चेपला की लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. कर्मचाऱ्यांना बोलवावं, शेजाऱ्यालाही तोवर सीट हलवू नका म्हणून सांगावं.

वास, उजेड, आवाज

उडत्या विमानातल्या हवेचा दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा असतो. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो. म्हणून प्रवासाच्या दिवशी कडधान्यं आणि सोडा बेताने, आणि कळ आलीच तर स्वच्छतागृह गाठावं. अत्तर पुन्हा फवारू नये, नेलपॉलिश लावू नये. बूट काढायचे तर मोजे ताजे हवेत, पाय पुढच्याच्या आर्मरेस्टवर नकोत, आणि स्वच्छतागृहात जाताना बूट पुन्हा घालावेत. तिथली ओल पाण्याचीच असेल असं नाही. डोक्यावरच्या हवेच्या झोताचं तोंड स्वतःच्या मांडीकडे वळवावं.

खिडकीची झडप खिडकीजवळच्याच्या ताब्यात असते, पण सगळे झोपलेले असताना ती सताड उघडणं शेजारच्यांच्या डोळ्यांवर येतं. हेडफोनशिवाय व्हिडिओ नाही, लहान मुलांसाठीही नाही.

बाळ रडतंय ते बरेचदा उतरताना कान दडपल्यामुळे. विमान खाली येऊ लागताच दूध किंवा चोखणी द्यावी, गिळण्याने कान मोकळे होतात. आजूबाजूच्यांनी वळून बघत राहण्याने काही होत नाही.

बोलायची वेळ आली तर

माणसाबद्दल नाही, वस्तूबद्दल बोलावं. "तुम्हाला समजत नाही का?" ऐवजी "आवाज जरा कमी होईल का?" दोनदा सांगून फरक पडला नाही की तिसऱ्यांदा स्वतः बोलू नये, डोक्यावरचं बटण दाबावं. शेजारी झोपेत खांद्यावर कलंडला तर खांदा हळूच पुढे घ्यावा, तो आपोआप सावरतो.

हेतुपुरस्सर स्पर्श ही मात्र शिष्टाचाराची बाब नाही. तिथे सौजन्य बाजूला ठेवून आसपासच्यांना ऐकू जाईल असं "हात काढा" म्हणावं, लगेच कर्मचाऱ्यांना बोलवावं आणि सीट बदलून मागावी. गैरवर्तन करणाऱ्याला आवरण्याचा, गरज पडल्यास उतरल्यावर पोलिसांच्या हवाली करण्याचा अधिकार वैमानिकाला 1963 च्या टोकियो करारानेच दिलेला आहे.

उतरताना

विमान थांबल्यावर कडेच्याने उठून पाय मोकळे करायला हरकत नाही, पण आपल्या रांगेतच. पुढची रांग रिकामी झाली की आपली. बॅग मागच्या कप्प्यात असेल तर गर्दी ओसरेपर्यंत बसून राहावं. पुढचं विमान गाठायची घाई असेल तर ते कर्मचाऱ्यांना विमान खाली उतरू लागण्याआधी सांगावं. जागा असेल तर ते पुढे बसवतात. चाकं टेकल्यावर सांगितलं तर तोवर वाट भरलेली असते.